दाबून धरलेला नॉब

न्यूझीलंडमधल्या जॉन्सनव्हिलच्या त्या चढावर सकाळपासून दक्षिणेचा बोचरा वारा सुटला होता. नीताबाईंच्या शेजारच्या भाऊसाहेबांचा मुलगा परेश हॅमिल्टनला राहायचा. “काकू, बाबांची घर तापवायची भट्टी कुणाकडून तरी तपासून घ्याल?” एवढंच तो फोनवर म्हणाला, आणि नीताबाई गॅसफिटरलाच घेऊन हजर! घरी एकट्याच, दुसऱ्याच्या घरात डोकावायला त्यांना निमित्तच हवं असायचं.

शिवाय एक प्रश्न त्यांना छळत होता. जिन्याखालच्या कपाटातली ती जुनी गॅसची भट्टी भाऊसाहेबांच्या पत्नी वासंतीवहिनी पेटवायच्या. पाटावर बसून नॉब दाबायचा, ठिणगीचं बटण टकटक करायचं, इवलीशी ज्योत लागली की शेजारची, गॅस चालू ठेवणारी पिन तापेपर्यंत नॉब तसाच धरायचा. हात लवकर सुटला की ज्योत गेलीच. वहिनी एप्रिलात वारल्या. भाऊसाहेबांचे गुडघे वाकत नाहीत. मग घर एवढं उबदार कसं?

“याला कशाला आणलंत?” भाऊसाहेब दारातच म्हणाले. “चाललंय ना आमचं.”

“आमचं? अहो, एकटेच तर आहात!” नीताबाई हसल्या.

ते हसले नाहीत.

कपाट उघडलं. निळी ज्योत शांत जळत होती. भाजलेल्या धुळीचा वास, आणि त्यात... वहिनींच्या डोक्याच्या तेलाचा. नॉब आत दाबलेला होता.

“ही पिन तर केव्हाच तुटलीय,” गॅसफिटर इंग्रजीत पुटपुटला. “कुणी नॉब धरून ठेवल्याशिवाय ज्योत राहणारच नाही.”

अडकला असेल म्हणून त्याने नॉब ओढला. हलेना. मग बाहेरून गॅस बंद करून त्याने नवी पिन बसवली, ज्योत पुन्हा लावली, पिन तापू दिली आणि हात काढला. नॉब आतच.

“वासंती...” भाऊसाहेब भिंतीला धरून उभे होते. “सोड आता... राहील ती.”

टक्. नॉब वर आला. ज्योत राहिली.

गॅसफिटर घाईघाईने हत्यारं गोळा करून गेला.

“तेवढ्या कामासाठी थांबली होती हो ती,” भाऊसाहेब ज्योतीकडे बघत म्हणाले. “आता कुठं जाईल?”

नीताबाई कुंपणाकडून लगबगीने घरी आल्या. कुलपात किल्ली फिरवली, दाराच्या मुठीकडे हात नेला. हात पोचायच्या आतच मूठ खाली गेली... आतून.

आणि तशीच राहिली, दाबून धरलेली.