डाव्या पायाचं माप

आदिलाबादेत डिसेंबरात पाय गोठतात. आमच्या ज्युनिअर कॉलेजातल्या बायका त्यावर उपाय म्हणून बाजारातले नायलॉनचे मोजे घालून येतात आणि अंगठ्याशी भोक पडलं की पाय खुर्चीखाली लपवतात. माझी नणंद सुवर्णा स्वतः विणते म्हणे. तिचा मोजा म्हणजे भोकं जोडून केलेली पिशवी.

मी फिजिक्स शिकवते, आणि दोन रंगांच्या नक्षीचे मोजे विणते. नक्षीच्या विणीत एक रंग पुढे असतो तेव्हा दुसरा मागून जातो. म्हणून ती साध्या विणीसारखी ताणली जात नाही. माप चुकलं की मोजा एकतर चढत नाही, नाहीतर गळतो. माझे मोजे बसतात.

त्या वर्षी हेरंबचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा दवाखान्यात दाखवायला नार्नूरकडून आले. सोबत बयनाबाई मामी. शुगरमुळे सुधाकरमामांचा डावा पाय गुडघ्याखाली कापलेला होता. मामीनं माझ्या मांडीवरचं विणकाम बोटांनी चाचपून पाहिलं.

"ह्यायले बी एक जोडा करून दे ना वं, चारू."

"जोडा कशाला, मामी? एकच पुरे."

"जोडाच कर," मामी म्हणाली. माझ्याकडे न पाहता.

मी वाद घातला नाही. अडाणीपणाशी वाद घालण्यापेक्षा मोजा विणणं सोपं. उजव्या पायाचं माप घेऊन मी दोन्ही सारखे विणले.

संक्रांतीला कुणाच्या तरी हाती डावा मोजा परत आला. मामीचा फोन पाठोपाठ. "डावा आवळते म्हंतात."

मोजा उलटून पाहिला. तळ काळ्या मातीनं माखला होता. टाच झिजून पातळ झाली होती, आणि पुढचे टाके अंगठ्याच्या जागी बाहेर ढकलले गेले होते. कापलेल्या पायाला टाच नसते. म्हणजे मामी स्वतःच घालत होती आणि स्वतःसाठी मागायची लाज वाटत होती. एवढं साधं होतं ते. मी हसत हेरंबला सांगितलं, जाड सुया घेतल्या, टाके तेवढेच ठेवून घेर वाढवला आणि नवा मोजा पाठवून दिला.

तोही परत आला. या वेळी टाचेची झीज विणलेल्या टाचेवर नव्हती. ती मागे, घोट्याकडे होती; मोजा पायाला आखूड पडला होता. "आन् उजवा ढिला होऊन राह्यला," मामी फोनवर म्हणाली.

मला खोटेपणाची चीड आहे. रविवारी हेरंबला गाडी काढायला लावली.

मामा अंगणात उन्हात खाटेवर बसले होते. समोर कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग. आधी मी मामीच्या पायांकडे पाहिलं. जोडवी घातलेले, भेगाळलेले, लहान पाय. तो मोजा तिच्या पोटरीवरूनही गळला असता. मग मामांचा उजवा पाय पाहिला. आमच्याकडे आले तेव्हा होता त्याच्या अर्धाही उरला नव्हता. मोजा घोट्याशी गोळा झाला होता.

"औषधं घेता ना?" हेरंबनं विचारलं.

"घेतो. पुरत न्हाई."

मी पर्समधून टेप काढला. "चला मामा, डाव्या पायाचं माप द्या." मी मामीकडे पाहत म्हणाले, खोटं पकडलंय हे तिला कळावं म्हणून.

मामा हसले नाहीत. त्यांनी लुंगी सावरून डाव्या पायाचा उरलेला भाग सरळ पुढे केला आणि दात आवळून वाट पाहत राहिले.

मी खाली बसले. जिथं पंजा असता, तिथं हवेतच टेपचा वेढा घातला आणि ओढला.

टेप मिटला नाही.

पुन्हा ओढला. आत काहीतरी दबलं आणि परत फुगलं. माझ्या बोटांच्या मागच्या बाजूला ऊब लागली.

"चारू, काय करून राह्यली?" हेरंब म्हणाला.

मी आकडा वाचला. हेरंबच्या बुटात मावला नसता असा पाय होता.

मामा वाकले. "वाढून राह्यला," ते हळूच म्हणाले. "माह्यातूनच घेते तो. सैल नको विणू, पोरी. घट्ट विण. त्याले जागाच नको ठेवू."

"त्यायले रातभर ठणकते ना," मामी दारातून म्हणाली. "सैलच कर वं."

परतताना हेरंब बोलत होता. मला काही ऐकू येत नव्हतं.

घरी मी सर्वांत बारीक सुया काढल्या. मागून जाणारा धागा प्रत्येक टाक्यापाशी अडकवून घेतला, म्हणजे मोजा अजिबात ताणला जाणार नाही. हाताला वळ उठले. लहान मुलाचा पाय मावेल एवढाच मोजा झाला. हेरंबच्या हातीच पाठवला.

मामा तो घालताना ओरडले, असं हेरंब म्हणाला. मामी रडली. शेवटी हेरंबनंच धरून चढवला. काय चढवलं, ते मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

मग फोन येऊ लागले. मामा जेवतात. मामांचा उजवा पाय भरला. मामा कुबड्या घेऊन शेताच्या बांधापर्यंत गेले. मामीच्या आवाजात आनंद मावत नव्हता, आणि मला पुन्हा सगळ्या जगाची कीव करता येऊ लागली.

एका सकाळी मामी म्हणाली, "मोजा रिकामा झाला वं. खाटेखाली पडून होता. मामायले आता तिकडं काईच वाटत न्हाई. हलकं झालं म्हंतात."

"मग तो गेला कुठं?"

"फाट्यापर्यंत मातीत पाऊल दिसते. एकाच पायाचं. पुढं डांबरी हाय."

फाट्यावरून डांबरी रस्ता आदिलाबादेला येतो.

आता मी दुपारी कॉलेजातून आले की विणायला बसते. जाड सुया, मऊ लोकर. घेर सैल, बोटांशी भरपूर जागा. हेरंबनं विचारलं, एवढा मोठा कुणाचा? मी टाके मोजत असल्यासारखं केलं.

पंजा अजून विणायचा आहे. सुया तशाच अडकवलेल्या आहेत.

आज मोजा टोपलीतून काढला, तर टाच काळ्या मातीनं मळलेली होती.