सात नंबरच्या टाकीतली दोरी

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण हे माझ्या थोरल्या मामांच्या बाबतीत घडलंय. मामा थापा मारत नाहीत. म्हणजे, जन्मात एकच मारली. तीच सांगतो.

आणि हो, रात्रबित्र काही नव्हती. भर दुपारचे दोन. लोखंडी जिन्याला हात लावला तर चटका बसावा असं ऊन.

मामा रसायनांच्या गोदामात कामाला. आवारात बारा टाक्या, एकेक दोन मजल्यांएवढी. वर्षातून एकदा टाकी रिकामी करून तळाचा गाळ खरवडायचा. वाईट काम. गाळ ढवळला की विषारी वायू सुटतो. आधी सडक्या अंड्यांचा वास येतो. मग येईनासा होतो, आणि माणसाला वाटतं, चला, वास गेला एकदाचा. गेलेलं असतं ते नाक. पाठोपाठ माणूस जातो.

म्हणून उतरणाऱ्याच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दोरी, आणि टाकीच्या माथ्यावर, तोंडापाशी, ती दोरी धरून एकजण. दर दोन मिनिटांनी त्याने एक झटका द्यायचा. आतून एक झटका आला, तर ठीक. नाही आला, तर ओढून काढायचं.

तीन वर्षांपूर्वी सात नंबरच्या टाकीत पैलवान मेला. फुंकर मारली तर उडेल असा काडी माणूस, म्हणून चेष्टेने पैलवान म्हणायचे. दोरी मामांकडे होती. चौकशीत मामांनी सांगितलं, "शेवटपर्यंत आतून झटका येत होता, साहेब." सगळ्यांना पटलं. विषय मिटला.

खरं म्हणजे मामांनी दोरी कठड्याला बांधली होती आणि ते खाली सावलीत चहा पीत गप्पा हाणत बसले होते.

यंदा त्याच टाकीत धाकटे मामा उतरले. थोरल्यांचा सख्खा भाऊ, कडेवर घेऊन वाढवलेला. नोकरीलाही त्यांनीच लावलेला. मामांनी साहेबांना बजावलं की दोरी मीच धरणार. या वेळी पापणीसुद्धा लवू द्यायची नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

पहिला झटका दिला. उत्तर आलं.

दुसरा दिला. आलं.

आत फावडं चालू होतं. खर्र… खर्र…

मग फावडं थांबलं.

मामांनी झटका दिला. लगेच उत्तर आलं. दमला असेल, असं त्यांना वाटलं.

पण फावडं काही सुरू होईना. त्यांनी हाक मारली. रिकाम्या टाकीत हाक घुमते. ही मात्र…

घुमलीच नाही. कुणीतरी तोंडावर हात दाबावा तशी आतल्या आत विरली.

झटका द्यायला मामांनी हात उचलला, आणि तेवढ्यात…

त्यांनी न देताच आतून झटका आला.

मग दुसरा.

मग तिसरा. ठीक आहे, ठीक आहे, ठीक आहे. चौकशीत त्यांनी सांगितलं होतं, अगदी तसंच.

मामांची पाचावर धारण बसली. ते जीव खाऊन दोरी ओढायला लागले. आतूनही कोणीतरी ओढत होतं, आणि त्याला काही घाई नव्हती. मामांच्या तळहातांची सालटी निघाली.

मग दोरी एकदम सैल पडली…

वर आला तो नुसता पट्टा. बक्कल लावलेलं, तेही अगदी शेवटच्या भोकात. धाकट्या मामांचं पोट सुटलेलं. त्यांना ते भोक लागणं शक्यच नव्हतं.

मामांनी बोंब ठोकली. अग्निशमनवाले हवेचे सिलिंडर लावून आत उतरले. धाकटे मामा लांबच्या कोपऱ्यात पालथे पडले होते. अजून धुगधुगी होती. वाचले.

चौथ्या दिवशी दवाखान्यात ते बोलले. "दादा, आत एकजण होता. म्हणाला, पट्टा सोड, मला दे. वर तुझा दादा आहे ना? मग दोरीला कोणीच नाही."

मामांना मान वर करवेना.

"खरं का रे ते?" धाकट्याने विचारलं. मामा आपले सोललेले तळहात चाचपत राहिले. धाकट्याने भिंतीकडे कूस वळवली, ती अजून तशीच आहे म्हणा ना. दोघांत बोलणं नाही.

मामांनी सगळं खरं कागदावर लिहून साहेबांना दिलं. साहेब म्हणाले, जुनी मढी उकरू नका, घरी जा. मामा पैलवानाच्या बायकोला शोधायला गेले, तर ती कधीच कुठेतरी निघून गेलेली.

पुढच्या आठवड्यात टाकी पुन्हा उघडणार. गाळ अर्धाच निघालाय. आत उतरायला मामांनी स्वतःहून नाव दिलंय. मामी रोज रडते. मी भांडलो, हात जोडले. मला भीती वाटते हो, खोटं कशाला बोलू.

मामा म्हणाले, "बाहेर कोणी ऐकून घेत नाही. निदान आत जाऊन त्याला सांगून येतो."

दोरी कोण धरणार, असं मी विचारलं.