ठासणाऱ्यानं वर बघायचं नाय

खैरुद्दीन बंदूक आणायला निघाला तेव्हा असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज आटपली होती. बंदूक अरबाबची. अरबाब म्हंजे मालक, शारजाचा म्हातारा व्यापारी, खैरुद्दीन त्याचा ड्रायव्हर. घोडा ढिला झाला म्हणून बंदूक वाळवंटातल्या धैद गावच्या लोहाराकडे टाकली होती. अरबाबकडे पाहुणे यायचे होते, त्यांना हरणाचं मटण वाढायचं होतं. म्हाताऱ्याच्या घरात दोन नव्या रायफली पडलेल्या, पण हट्ट असा, की हरीण मारायचं तर बापाच्या बंदुकीनंच. म्हणून खैरुद्दीननं लँडरोव्हर काढली.

अजीज, तो मोबाईल उलटा ठेव, उजेड डोळ्यात जातो. शहनाझ, तुला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. गेल्या रमजानात तुमच्या बाथरूमचा नळ रातचा आपोआप चालू व्हायचा, तो मी होतो, कबूल. तुझ्या चपलेतला खेकडापण मीच. ही गोष्ट मात्र माझी नाय. खैरुद्दीननं मला इथेच शारजात, रोल्लाच्या बाजारात, हॉटेलात चहा पिता पिता सांगितली. चहा गार झाला, तरी त्याच्या हातातला कप काय खाली येईना.

"नाना, प्रॉमिस? नो प्रँक?"

वल्ला, नो प्रँक. ऐक.

साल त्रेसष्ट. डिसेंबरची तेरा तारीख, शुक्रवार. रजबची सत्ताविसावी रात, मेराजची. चांद नाय. त्या रातीला लोक मशिदीत बसतात, आणि हे दोघं वाळूत. दोघं म्हंजे खैरुद्दीन आणि त्याचा मेहुणा इद्रीस. खैरुद्दीनची धाकटी बहीण हाफिजा, तिचा नवरा. हर्णैचा पोरगा, बावीस-तेवीसचा. लग्नाला सहा महिने झाले न झाले तोच खैरुद्दीननं त्याला इकडे आणला. धक्क्यावर हाफिजा रडली नाय. एवढंच म्हणाली, "भाई, नेतोस तसा आणून दे." खैरुद्दीन हो म्हणाला. दोन वर्षं झाली. आता सोमवारी दुबईहून मुंबईची बोट होती, इद्रीसचं तिकीट झालं होतं, ट्रंक बांधून झाली होती. खैरुद्दीन त्याला म्हणाला, चल, जाता जाता वाळवंट तरी बघून घे, घरी सांगायला होईल. त्यानंच बोलावलं. हे ध्यानात ठेवा.

जाताना सगळी मजाच. इद्रीस मोठा वात्रट. धैदला लोहारानं बंदूक हातात दिली, सोबत चाचणीला शिंगात भरलेली थोडी दारू, गोळ्या, टोप्या दिल्या. खैरुद्दीननं तिथंच बसून नळी पुसायला घेतली. पहिली चिंधी, दुसरी चिंधी, तिसरी. इद्रीस बघत बसला आणि म्हणाला, "खैरूभाई, भाभीनं तुमचं ताट कधी एवढं पुसलं असेल का हो?"

त्याला काय माहीत. खैरुद्दीन ठासणाऱ्याच्या घरातला. त्याचा बाप बाणकोटच्या खोताबरोबर शिकारीला जायचा, गोळी मारायला नाय, बंदूक भरायला. ठासणीची बंदूक म्हंजे तोंडाकडून भरायची. एक बार उडाला की नळीत काळी राख चिकटते, आणि राखेत कधी कधी ठिणगी जिती राहते. तिच्यावर नवी दारू ओतली तर ओतणाऱ्याचं तोंड गेलं. म्हणून बार झाला की आधी ओली चिंधी गजाला लावून तळापर्यंत फिरवायची. मग सुकी. मग दारू, मग गोळी, गजानं ठासायची, शेवटी घोड्याखाली ठिणगीची टोपी. ह्या कामात हात चुकला की खलास. म्हणून बापानं त्याला एक गोष्ट छडी मारून शिकवली होती: ठासणाऱ्यानं वर बघायचं नाय. समोर वाघ असो की ससा असो. नेम धरणं त्याचं काम नाय. नजर वर गेली की दारू दोनदा पडते. त्यानं बघायचं ते फक्त नळीचं तोंड.

खैरुद्दीनच्या अंगात ते मुरलं होतं.

परतताना मगरिब झाली, सूर्य बुडाला. अर्ध्या रस्त्यावर गाडीच्या बॉनेटमधून वाफ यायला लागली. रेडिएटरला गळती. पाणी संपलं. मागे मैलभरावर एक विहीर लागली होती, वाळवंटातले बदू लोक उंटांना पाजतात ती. इद्रीस म्हणाला मी आणतो. खैरुद्दीन म्हणाला मी जातो, तू बस. इद्रीस म्हणाला, "तुम्ही म्हातारे, वाटेत बसाल आणि घोरायला लागाल. घोरण्याच्या आवाजानं मी शोधत येऊ का?" पाण्याचा डबा उचलला आणि गेला. खैरुद्दीननं कंदील पेटवून बॉनेटवर ठेवला, म्हंजे पोराला परत येताना खूण दिसेल. इद्रीसची शीळ बराच वेळ ऐकू येत होती. मग नाय आली.

रातीच्या नमाजाची, इशाची वेळ झाली. खैरुद्दीननं नमाज पढली. अजून पोरगा नाय. मैलभर जायचं, मैलभर यायचं, किती वेळ लागतो? त्यानं कंदील खाली उतरवला, गाडीला टेकून बसला, हाताला काम म्हणून मांडीवर बंदूक घेतली.

तेव्हा त्याला दिसलं, की कंदिलाच्या पलीकडे कोणीतरी बसलंय.

बदू. तोंडाभोवती फडका गुंडाळलेला, नुसते डोळे. कधी आला, कुठून आला… उंट नाय, पावलांचा आवाज नाय. खैरुद्दीननं सलाम केला. त्यानं सलामाचं उत्तर दिलं नाय. बंदुकीकडे बोट केलं आणि अरबीत म्हणाला, विहिरीकडून हरीण येतंय. भरून दे.

खैरुद्दीननं विचार केला, बरं झालं. अरबाबला मटण पाहिजे, ते आयतं मिळतंय. पण तो अडाणी नव्हता. तो म्हणाला, तिकडे माझा माणूस गेलाय, पाण्याला, अंधारात गोळी घालू नको.

बदू म्हणाला, "मी माणसावर नेम धरत नाही."

एवढं सरळ बोलला, की खैरुद्दीनला शंकाच उरली नाय. आणि त्या लोकांची नजर तुम्हाला माहीत नाय, हबीबी. काळोखात वाळूवरची मुंगी सांगतात. त्यानं दारू ओतली, गोळी ठासली, टोपी बसवली. दिली.

बार झाला. आवाज गेला तो टेकड्यांवर आपटून परत आला.

बदूनं बंदूक मागे केली. न बघता. ठासणाऱ्याला देतात तशी. म्हणाला, "चुकली. यल्ला, चल, भर."

खैरुद्दीनचं डोकं खाली. पाणी नव्हतं, म्हणून थुंकी लावून चिंधी ओली केली, गजानं आत घातली, तळापर्यंत फिरवली, बाहेर काढली. सुकी चिंधी. दारू. गोळी. ठासली. टोपी. त्याच्या बापाला अभिमान वाटला असता. दिली.

दुसरा बार.

"लागली," बदू म्हणाला. "मागच्या डाव्या पायाला. लंगडतंय. यल्ला."

बंदूक परत मांडीवर आली. खैरुद्दीननं चिंधी फिरवली. काढली. कंदिलाजवळ धरली, बघायला, की राख किती आली.

चिंधी पांढरी.

दोन बार झालेली बंदूक, आणि चिंधी धुतल्यासारखी पांढरी. त्यानं नळीला हात लावला. बार झालेली नळी गरम लागते, हाताला चटका बसतो. ही गार. विहिरीतल्या दगडासारखी गार. त्यानं नाक जवळ नेलं. दारूचा वास… नाय.

"मग काय उडालं, नाना?"

तेच तो स्वतःला विचारत होता, बेटा.

आणि तेव्हा, आयुष्यात पहिल्यांदा, हातात नळी असताना, खैरुद्दीननं वर बघितलं.

विहिरीच्या बाजूच्या टेकडीवर ताऱ्यांचा उजेड होता थोडा. हरीण होतं. खरंच हरीण होतं. एकटं. मागचा डावा पाय ओढत चाललेलं. पण…

बंदूक उडाली की हरीण काय करतं? पळतं. लांब पळतं. हे पळत नव्हतं. हे खाली येत होतं. सरळ. कंदिलाकडे.

जखमी जनावर माणसाच्या दिव्याकडे येत नाय.

खैरुद्दीनला ओरडायचं होतं. तोंड उघडलं. आवाज नाय. उठायचं होतं. पाय वाळूत, जसे कोणी पुरले. फक्त हात चालत होते. हात त्याचे नव्हतेच जणू, चिंधी टाकून दारूच्या शिंगाकडे चालले होते.

तेव्हा त्यानं एक केलं. ठासणाऱ्यालाच सुचेल असं. त्यानं हाताला जोर लावून दारूचं शिंग सोडलं आणि आधी गोळी टाकली. गोळी तळाला. ठासली. दारू वरून ओतली. अशी भरलेली बंदूक उडत नाय. टोपी फुटते, ठिणगी गोळीवर आपटते, विझते. दारू पलीकडे राहते. दुनियेतली कुठलीच बंदूक अशी उडत नाय. बापानं कधी काळी पोरखेळ म्हणून दाखवलं होतं. मेलेली बंदूक.

टोपी लावली. दिली. मनात कलमा पढायला लागला.

बदूनं बंदूक खांद्याला लावली. नेम धरला. आणि थांबला. मान न वळवता म्हणाला,

"गोळी आधी घातलीस."

खैरुद्दीन कलमा पढत राहिला.

"चालेल," तो म्हणाला.

बार झाला.

…

टेकडीवर काय नव्हतं. कंदिलापलीकडे कोणी नव्हतं. बंदूक खैरुद्दीनच्या मांडीवर होती. तो हाका मारत सुटला. आता आवाज आला, आता पाय चालले. इद्रीस… इद्रीस… पण कुठल्या बाजूला धावायचं? कंदील हातात घेतला तर पोराला गाडी दिसणार नाय. ठेवला तर ह्याला वाट दिसणार नाय. थोडा पुढे जायचा, परत यायचा. पुढे, परत. पहाटे फजरपर्यंत तेच. शेवटी घसा बसला.

उजाडलं. इद्रीस सापडला. लांब नव्हता. गाडीपासून चाळीस पावलं. कंदील दिसत असणार त्याला, पूर्ण दिसत असणार. पालथा पडलेला, डब्याची मूठ हातात. डबा काठोकाठ भरलेला, थेंब सांडला नव्हता. अंगावर जखम नाय, ओरखडा नाय, रक्त नाय. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, हार्ट. बावीस वर्षांच्या पोराचं हार्ट. डॉक्टर तरी काय लिहिणार?

शारजाला दफन केला. सोमवारी बोट गेली, ट्रंक गेली. ट्रंकेत हाफिजासाठी काय काय घेतलं होतं ते तिनं उघडून बघितलंच नाय म्हणतात. खैरुद्दीन पुढे पस्तीस वर्षं इथं राहिला, पण हर्णैला गेला नाय. बहिणीला काय सांगणार होता? की मीच भरून दिली? तीनदा? पत्र लिहायला माझ्याकडे यायचा. मला सही करायची मारामार, मी काय लिहिणार. दोघं कोऱ्या कागदाकडे बघत बसायचो, मग तो उठून जायचा. हाफिजा गेली तेव्हा तार आली. तो म्हणाला, चला, आता विचारणारं कोणी नाय. आणि असा हसला… मी जन्मभर लोकांना हसवलं, घाबरवलं. तसं हसणं परत ऐकायला नको.

नाय, थांब शहनाझ, लाइट लावू नको. एक राहिलं.

त्या सकाळी एक म्हातारा बदू उंट घेऊन त्या वाटेनं आला होता. हा जिता माणूस, लोक ओळखायचे त्याला. ते लोक वाळूवरची पावलं वाचतात, तुम्ही स्क्रीन वाचता तशी. कोणाचा उंट, किती दिवसांचा, गाभण आहे का, सगळं सांगतात. खैरुद्दीननं त्याला विचारलं, रातीला इथं माझ्यासमोर कोण बसलं होतं? म्हाताऱ्यानं बघितलं. म्हणाला, इथं तू बसला होतास. बाकी कोणी नाही.

मग तो विहिरीच्या वाटेनं मागे चालत गेला, खैरुद्दीन त्याच्या मागं. इद्रीसच्या चपलांचे ठसे विहिरीपासून येत होते, भरल्या डब्याच्या वजनानं एका बाजूला खोल रुतलेले. टेकडीपर्यंत आले. टेकडीवर संपले. तिथून पुढे खूर. हरणाचे. थोडं चालून मागचा डावा पाय ओढायला लागलेला. ते खूर उतरत उतरत मढ्यापर्यंत आले होते. चपलेचा एक ठसा नाय मधे, एकही नाय.

म्हाताऱ्यानं खैरुद्दीनचा दंड धरला आणि मढ्याच्या पुढे नेलं.  नुसतं बोट दाखवलं.

तिथून खूर पुढे गेले होते. आता न लंगडता. चार पाय सारखे. सरळ गाडीपाशी, खैरुद्दीन रातभर जिथं बसला होता तिथं. त्याच्या बसल्या जागेसमोर, हातभरावर, चारही खूर खोल रुतले होते… बराच वेळ कोणी एका जागी उभं राहिलं म्हंजे रुततात तसे.

मग वळले होते. समुद्राकडे, सोमवारची बोट लागणार होती तिकडे.