एक शीट कमी

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मी ती रात्रीची ठेवली असती आणि वर अमावस्याही घातली असती. घडली ती गेल्या डिसेंबरात, रविवारी भरदुपारी, कुंडलच्या डोंगराकडच्या कच्च्या वाटेवर. माझा भाचा शंभूराज आजही ती सांगतो तेव्हा त्याचे कान लाल होतात.

भीतीनं नव्हे. रागानं.

शंभूनं एक जुनी फोर बाय फोर जीप घेतली होती. आधी ती वडापला, म्हणजे शीटमागं पैसे घेऊन माणसं वाहायला, चालायची. वडापचा नियम ज्यानं सोसलाय त्याला सांगायला नको. जीप गच्च भरल्याशिवाय सुटत नाही. "एकच शीट, एकच शीट" करत ड्रायव्हर उन्हात बसवून ठेवतो आणि आतले शिव्या देत बसतात. पत्र्यावर एक थाप मारली की थांबायचं, दोन मारल्या की निघायचं.

शंभूला ती डोंगर चढवायची होती. तीही स्वस्तात. मागची बाकडी काढून टाकली. बंपर बोअरच्या पाइपाचा, टायर भंगारातले. मागचा भार पेलणारे स्प्रिंगचे कमानपाटे मलकापूरच्या नईमनं मोडीतल्या पिकअपचे काढून बसवले. नईम गॅरेजवाला, शंभूचा शाळेपासूनचा दोस्त.

पण जीप मागून बसायची.

रिकामी होती... तरी मागून दबलेली.

"भंगार पाटं घातलंस," शंभू म्हणाला.

"पाटं चांगलं हाय."

"मग बसतीया कशानं? माझ्या पापानं?"

"ते तुझं तुला ठावं."

शंभूनं चहाच्या टपरीपासून सलूनपर्यंत सगळीकडं सांगितलं की नईम फसवतो. नईमची गिऱ्हाइकं तुटायला लागली. शेवटी त्या रविवारी नईम स्वतः डोंगराच्या पायथ्याशी येऊन उभा राहिला.

"चढव. मी मागं बसतो. पाटं टेकलं तर गॅरेजला कुलूप लावतो. न्हाई टेकलं तर चौकात माफी मागायची."

शंभूनं घेतल्यापासून त्या जीपमध्ये मागं कुणी बसलंच नव्हतं. नईम चढला आणि पत्र्यावर टेकला.

आणि...

ठण ठण.

"थापा काय मारतोस? किल्ली तर लावू दे."

"मी न्हाई मारल्या."

जीप हलली.

किल्ली शंभूच्या हातात होती. इंजिन बंद. ब्रेक दाबलेला. आणि जीप... चढ चढत होती.

मागून कुरकुर ऐकू आली. बऱ्याच जणांची.

"कवाधरनं बसवलंय."

"सुटली बाबा एकदाची."

"नईम, उडी टाक," शंभू ओरडला.

"हलता येईना, गड्या." नईमचा आवाज चेपलेला. "दोनी बाजूनं दाबत्यात. सरकून बसा म्हंत्यात."

शंभूनं वळून पाहिलं. मागं नईम एकटाच होता... पण कोपऱ्यात, खांदे आवळून, गुडघे पोटाशी धरून.

पुढं वाट संपत होती. पलीकडं दगडाच्या खाणीचा खड्डा. स्टिअरिंग वळेना.

इथं माणूस घाबरतो. शंभूचं डोकं फिरलं. कॉलेजची सगळी वर्षं त्यानं वडापनं काढली होती, कुणाच्यातरी मांडीवर. तो सगळा राग हातात आणून त्यानं पत्र्यावर थाप हाणली.

एकच.

"थांबवा. एक माणूस उतरतोय. चुकून बसलाय त्यो."



जीप थांबली. मग शंभूच्या अगदी कानाशी, वैतागून...

"मग आदी सांगायचं की."

नईम घसरत खाली उतरला. त्याच्या खांद्यावर चुन्याचं बोट पुसलेलं होतं. तंबाखू दोघांपैकी कुणीच खात नाही.

शंभूनं वाकून पाहिलं, पाटे टेकले नव्हते.

"पाटं चांगलं हाय तुझं," शंभू म्हणाला.

"हितं नगं. चौकात सांग."

शंभूनं चौकात सांगितलं, सगळंच. लोक हसले. नईमची गिऱ्हाइकं परत आली. शंभूचा राग मात्र गेला नाही. जीप विकणारा कृष्णात फोन उचलत नाही. जीप कुठं पलटली होती का, कुणाची माणसं होती, काही कळलं नाही. ती अजून खाणीच्या तोंडाशीच उभी आहे, मागून दबलेली.

मागच्या आठवड्यात मी लांबूनच बघायला गेलो. बघितली, परत फिरलो.

तेवढ्यात मागून... फार आदबीनं...

"आवं, बसा की. एकच शीट कमी हाय."

मी नको म्हणालो.

त्यावर आत जी कुरकुर उठली ती माझ्या कानातून जात नाही. इतके दिवस ते सगळे ड्रायव्हरवर चिडून होते.

आता खोळंबा माझ्यामुळं झालाय.