चंद्र चाळीस मिनिटं उशिरा

पंचांगात चंद्रोदय आठ अठ्ठेचाळीसचा होता आणि आठ वाजतानाच माझ्या पोटात कावळे ओरडायला लागले होते.

"आई, मी जरा गच्चीत बघून येते," मी म्हटलं.

"तू बघितल्यानं तो लवकर येणारेय का?" आईनं मोदकांच्या पातेल्यावरचं झाकण काही काढलं नाही. संकष्टी म्हणजे संकष्टी! चंद्र दिसल्याशिवाय आमच्याकडे पाण्याच्या घोटापलीकडे काही नाही.

तरी मी गेलेच. बालीगंजमधल्या आमच्या चार मजली इमारतीची ती लांबलचक गच्ची, कार्तिकातली गुलाबी थंडी... आणि कठड्याशी एक अनोळखी तरुण! मनगटावरचं घड्याळ बघत होता, मग समोर बघत होता, मग पुन्हा घड्याळ. मला पाहून दचकला.

"काके खुँजछेन?" त्यानं विचारलं. कोणाला शोधताय?

माझं बंगाली दोन वर्षांत भाजीबाजारापुरतंच झालं होतं. मी वर बोट केलं. "चाँद!"

"ओई तो!" तो हसला आणि बाजूला सरकला.

त्याच्यामागे, नारळाच्या झाडांवर चांगला हातभर वर, पिवळाधमक, ठसठशीत चंद्र!

"अगं बाई! हा कधी आला? अजून पाऊण तास अवकाश आहे याला!" घाईत माझ्या तोंडून मराठीच निघालं.

"वीस मिनिटं झाली," तो म्हणाला. मराठीत! अगदी एकेक शब्द निवडून. "सात चाळीसला उगवला. मी... मी पाहत होतो."

"अहो पण पंचांगात आठ अठ्ठेचाळीस आहे."

"पंचांग कुठलं?"

"पुण्याहून येतं. मामा पाठवतात."

तो असा काही हसला की मला रागच आला. "मग तो पुण्या-मुंबईचा चंद्र झाला. आपण किती पूर्वेला आहोत! इथे तो तासभर आधी येतो... तुम्ही दर महिन्याला तासभर जास्त उपाशी राहता?"

दर महिन्याला! दोन वर्षं! आम्ही पंचांगातली वेळ झाल्यावरच ताट घेऊन वर यायचो, तेव्हा चंद्र पार वर चढलेला असायचा, आणि आई म्हणायची, "इथला चंद्र मेला फार घाईचा." बदलीवर आलेल्या आमच्या ओळखीच्या सगळ्या मराठी घरांत हेच चालायचं. कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही!

मी धडाधडा जिना उतरले. आई ऐकून आधी देवापुढे हात जोडती झाली आणि मग म्हणाली, "त्या मुलाला जेवायला बोलाव. उपकार आहेत त्याचे."

असा सदाशिव तळवलकर आमच्या घरात आला. नाव आजोबांना शोभेल असं आणि वय सत्तावीस. तिसऱ्या मजल्यावरच्या बॅनर्जींच्या मुलाबरोबर तो बंदराच्या कचेरीत काम करायचा, त्याच्याकडेच आला होता त्या दिवशी. काम काय, तर हुगळी नदीच्या भरती-ओहोटीच्या वेळा काढायच्या. चंद्र आज कुठे, किती जवळ, किती लांब... त्यावरून पाणी कधी चढणार. त्यावर जहाजं सुटायची. जन्म कलकत्त्याचा, शिक्षण कलकत्त्याचं, त्यामुळे मराठी जरा जपून जपून. पण मोदक मात्र अकरा खाल्लेन.

आमचे नाना, म्हणजे माझे वडील, फोर्ट विल्यममधल्या लष्करी कचेरीत होते. सैनिक नव्हते, पण घड्याळ सैन्याचं. त्यांनी लगेच उलटतपासणी सुरू केली. "म्हणजे तुम्ही सांगता त्या मिनिटाला पाणी येतं?"

"येतं," सदाशिव म्हणाला.

"चुकत नाही?"

"सहा वर्षं झाली. अजून तरी नाही."

नानांची मान हलली. कौतुकानं त्यांची मान हललेली मी त्याआधी फारशी पाहिली नव्हती.

जाताना त्यानं एका चिठ्ठीवर पुढच्या संकष्टीची कलकत्त्याची वेळ लिहून द्यायचं कबूल केलं. आणि झालं! दर महिन्याला संकष्टीला तो यायचा, चिठ्ठी द्यायचा, आमच्याबरोबर गच्चीत चंद्र बघायचा, जेवून जायचा. आई ताट वाढायला आधी उतरायची. मला निरांजन विझू न देता आणायचं काम असायचं. ते निरांजन आणायला मला किती वेळ लागायचा, ते आईनं कधी विचारलं नाही.

"एक सांगा," मार्गशीर्षात मी म्हटलं, "चंद्राला पृथ्वीभोवती एक फेरी मारायला दिवस किती लागतात?"

"सत्तावीस आणि थोडे तास."

"मग तुम्ही एकोणतीस-तीस दिवसांनी का येता?"

तो गोंधळला. मग हसला. "संकष्टी तेव्हा येते ना... त्याचं असं आहे, चंद्र फेरी पुरी करतो तोवर पृथ्वी सूर्याभोवती पुढे सरकलेली असते. मग पुन्हा तसाच दिसायला त्याला आणखी दोन दिवस धावावं लागतं."

"थांबत नाही वाटतं पृथ्वी त्याच्यासाठी?"

"थांबली असती..." तो निरांजनाकडे बघत म्हणाला, "तर मी सत्तावीस दिवसांनीच आलो असतो, मिस आगाशे."

माझे कान तापले. बरं झालं, अंधार होता!

पौषात मी विचारलं, चंद्र रोज किती उशिरा येतो. "रोज चाळीस-पन्नास मिनिटं उशिरा," तो म्हणाला, "आणि भरतीही त्याच्या मागोमाग तेवढीच उशिरा."

"आणि त्याला कुणी रागवत नाही?"

"तुम्ही रागवाल?"

"मी तर दारच उघडणार नाही!"

"तुम्ही उघडाल," तो म्हणाला. इतक्या हळू, की मला ऐकू आलं नाही असं दाखवणं सोपं गेलं.

त्याच दिवशी त्यानं आणखी एक सांगितलं. चंद्र म्हणे दर वर्षी पृथ्वीपासून इवलासा दूर जातोय.

"का? भांडण झालं?"

"उलट. तो समुद्राला ओढतो, म्हणून भरती येते. पृथ्वी फिरते भरभर, ती त्या भरतीचा फुगवटा जरा पुढे नेते. मग तो फुगवटा चंद्राला पुढे ओढतो. आणि पुढे ओढला गेला की तो जरा लांबच्या वाटेवर जातो."

"म्हणजे एवढी ओढ, आणि शेवटी काय तर दूर जायचं?"

"हो... तसंच."

"मला नाही आवडलं तुमचं शास्त्र," मी म्हटलं आणि निरांजन घेऊन उतरले. मनात मात्र उकळ्या फुटत होत्या. महिनाभर मी तीच तीच वाक्यं घोळवत बसायचे. वेड लागायचं बाकी होतं!

माघातल्या संकष्टीच्या चार दिवस आधी नानांच्या बदलीचा कागद आला. पुणे. मार्चअखेर हजर व्हायचं. आणि पाठोपाठ आत्याचं पत्र: शकुनसाठी, म्हणजे माझ्यासाठी, स्थळ बघून ठेवलंय, सदाशिव पेठेतलं घर, मुलगा बँकेत, मंडळींना फोटो पसंत आहे, तुम्ही होकार कळवा की मुहूर्त धरते.

मी गच्चीत त्याला एका दमात सगळं सांगितलं. पुढचं विचारायचं त्यानं, हा माझा हट्ट.

त्यानं उगाच मनगटावरचं घड्याळ बघितलं. मग म्हणाला, "पुण्यात... तुमचं पंचांग जवळजवळ बरोबर चालेल. तरी हवं तर मी वेळा काढून देतो. वर्षभराच्या."

"वेळा?" मी तर पेटलेच. "वेळा देणार तुम्ही मला? ठेवा तुमच्याजवळ!"

खाली जेवताना माझं लक्ष ताटात नव्हतं आणि त्याचंही. तेवढ्यात तोच चाचरत नानांना म्हणाला, "होळीनंतर दोन दिवसांनी रविवारी मोठा बान येईल. नदीत समुद्राकडून पाण्याची भिंत चालून येते ना, तो. चंद्र तेव्हा अगदी जवळ असतो. तुम्ही जाण्याआधी... बघायला या. वेळ मी कळवतो."

"जरूर," नाना म्हणाले. "रविवारी सकाळी बान बघू. संध्याकाळी मी पुण्याला होकाराचं पत्र लिहितो. त्याहून जास्त ताटकळत ठेवायचं नाही लोकांना."

दुसऱ्या दिवशी बॅनर्जींच्या मुलाबरोबर चिठ्ठी आली. 'रविवार. अकरा चाळीस.' बस्स, एवढंच!

रविवारी आम्ही घाटावर अकरालाच हजर. हुगळीवर ऊन झगमगत होतं, लांब हावड्याचा पूल दिसत होता, पायऱ्यांवर ही गर्दी! नावाडी आपल्या होड्या काठापासून सोडवून नदीच्या मध्यावर नेत होते, काठाला राहिल्या तर लाट फोडूनच टाकते म्हणे. सदाशिव पांढऱ्या शर्टात, माझ्यापासून चार हात लांब. बघत होता नदीकडेच.

अकरा चाळीस झाले. नानांनी घड्याळ वर केलं.

नदी आपली शांत.

अकरा पन्नास. बारा. आईनं शेंगदाण्याची दुसरी पुडी सोडली. नाना सदाशिवकडे बघेनात, हे जास्त वाईट होतं. सदाशिवचा चेहरा पांढराफटक. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आतून नुसतं तुटत होतं. अहो, या माणसाच्या शब्दावर जहाजं सुटतात!

"बंदराचं कठीण आहे एकूण," बारा दहाला नाना म्हणाले.

आणि मग दक्षिणेकडून ओरडा उठला, "बान! बान!"

पांढरी रेघ! या काठापासून त्या काठापर्यंत, धडधडत, नदीला उलटं फिरवत! होड्या उभ्याच्या उभ्या उडाल्या, बायका किंचाळल्या, पाणी फाडफाड पायऱ्या चढत आलं आणि आम्ही पळेपर्यंत गुडघ्यापर्यंत भिजलो. नानांची एक चप्पल डोळ्यांदेखत गेली. मी आनंदानं किंचाळतच होते. आणि किंचाळता किंचाळता नानांच्या घड्याळाकडे नजर गेली. बारा वीस.

चाळीस मिनिटं. रोजचा उशीर!

"अहो!" मी गर्दीतून त्याच्यापाशी गेले. "चाळीस मिनिटं! तुम्ही कालची ओळ वाचलीत!"

त्यानं खिशातून छापील तक्ता काढला. बघितला. कान लालबुंद झाले.

"हो," तो म्हणाला. "शनिवारची."

"म्हणजे गणित बरोबर, आणि नुसतं बघून उतरवताना चूक?" नाना एका अनवाणी पायावर उभे. "सहा वर्षांत जे झालं नाही ते आजच कसं झालं?"

तो तक्ता घडी करत राहिला. घडी काही जमेना.

"चिठ्ठी लिहिली त्या दिवशी... तुम्ही जाणार हे कळलं होतं," तो नानांना म्हणाला. "मी तक्ता समोर घेऊन बसलो होतो. आकडे दिसतच नव्हते. शकुन दिसत होती."

शकुन! मिस आगाशे नाही. भर घाटावर, नानांसमोर!

मला हसूही आलं आणि रडूही. आई हळूच म्हणाली, "मी तर पौषातच गणपतीला सांगून ठेवलंय." नानांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुझं काय म्हणणं आहे?"

"मला पुण्याचं स्थळ नको, नाना," मी म्हटलं. "मला हे हवेत."

नानांनी चप्पल गेली त्या दिशेला एकदा बघितलं. मग सदाशिवकडे वळले.

"चाळीस मिनिटं उन्हात उभं केलंत मला."

"हो."

"माझ्या मुलीपायी."

"हो."

"मग लग्नाच्या मुहूर्ताला तरी वेळेवर या."

नाना एक पाय उचलत, एक पाय टेकत पायऱ्या चढायला लागले. आई त्यांच्या मागोमाग, पदर तोंडाला लावून. सदाशिव तसाच उभा. विश्वासच बसत नव्हता त्याचा, वेंधळा कुठला!

"अजून तुम्ही मला विचारलं नाहीत," मी म्हटलं.

"काय?"

"बघा, पुन्हा चुकताय."

तो हसला. मग ओल्या हातानं माझा ओला हात धरला, इतका घट्ट की बांगडी रुतली.

"राहशील कलकत्त्यात? माझ्याजवळ?"

"राहीन," मी म्हटलं, आणि वरून नानांनी दोनदा हाक मारली तरी हात सोडवून घेतला नाही.