पाऊस खरा, तारे खोटे

दाढ ठणकायला लागली तेव्हा तिने जवळात जवळचा दवाखाना गाठला. बाहेरच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या, मासे नसलेली माशांची पेटी आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून पडणारा पाऊस. तो ऐकून तिची दाढ क्षणभर दुखायची थांबली. कारण तो पाऊस तिचा होता. तिनेच बनवलेल्या ॲपमधला. शांत झोपेसाठी लोक ते फोनवर विकत घेत आणि त्यावर तिचं पोट चाले. इथे मात्र कोणी शांत दिसत नव्हतं. जो तो थोड्या थोड्या वेळाने उठून बाथरूमकडे जात होता.

आ केलेल्या माणसाशी गप्पा मारायची दाताच्या डॉक्टरांना खोड असतेच. या डॉक्टरला ती जरा जास्त होती.

“पाऊस ऐकलात ना बाहेर? पेशंट निवांत व्हावेत म्हणून घेतला, तर सगळे लघवीला पळतात! पाऊस कसला, नळ आहे नळ. कुठल्या महाभागाने रेकॉर्ड केलाय कोण जाणे. तुम्हाला काय वाटतं?”

“आं… ऊं…” ती म्हणाली.

“अगदी बरोबर बोललात.”

गुळणी झाल्यावर तिचं तोंड मोकळं झालं. “तो महाभाग मी. आणि नळ नाही, शॉवर आहे.”

डॉक्टरने चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मग… पैसे तरी परत करा. कंपनीने माझा अर्ज फेटाळला. म्हणे, निकषांत बसत नाही.”

“परत करायचं बटण माझ्याकडे नसतं हो. दुकान फोनकंपनीचं, गल्ला तिचा, नियम तिचे. माल तेवढा माझा. गिऱ्हाईक कोण, हेसुद्धा मला कळत नाही.”

“आणि कमाईतला वाटा?”

“तो मात्र कंपनी न विसरता घेते.”

“मग रोख द्या. कोण बघतंय?”

“दुकानाबाहेर व्यवहार केला तर ॲप काढून टाकतात.”

“म्हणजे दात तुमचा, पण किडला तर शेजाऱ्याची परवानगी.”

तिचा अर्धा ओठ बधिर होता, त्यामुळे ती अर्धंच हसली. त्याला तेवढंही पुरलं.

“खरा पाऊस आणून देते,” ती म्हणाली. “शब्द.”

दवाखान्याच्या मागच्या बाजूला पत्र्याची शेड होती. पत्रा वाजतो छान, असं डॉक्टरचं म्हणणं. आभाळ भरून आलं की ती माइक घेऊन शेडच्या कडेला, उघड्यावर हजर. पहिल्या खेपेला त्याने मोठ्या काळजीने माइकवर छत्री धरली आणि स्वतः नखशिखांत भिजला.

“अहो, हा छत्रीचा आवाज येतोय!”

“मग ती तुमच्यावर धरू का?”

“माझा आवाज कोणाला हवाय?”

“मला चालेल,” तो म्हणाला, आणि लगेच पत्र्याकडे बघायला लागला.

रेकॉर्डिंग चालू असताना बोलायची सोय नव्हती. मग बघणं आलं. ती माइकच्या दिव्याकडे बघे, तो तिच्या कपाळावर चिकटलेल्या बटेकडे. ती वळली की तो पागोळ्या मोजत असल्यासारखा चेहरा करी. पावसाळी ढग निघून गेले तरी ती दवाखान्यात येत राहिली. कधी हिरडीचं निमित्त, कधी विसरलेल्या वायरचं.

नवा पाऊस कंपनीने तपासून दुकानात ठेवला. आता बाहेरच्या खुर्च्यांवर लोक चक्क डुलक्या काढू लागले. सगळं सुरळीत चाललेलं असतानाच एका सकाळी ॲप दुकानातून गायब झालं. कंपनीचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की एकाच पत्त्यावरच्या इंटरनेटवरून भराभर पाच-पाच तारे पडले आहेत, सबब शिफारशी बनावट आहेत.

पत्ता दवाखान्याचा होता.

“काय केलंत हे?” ती दारातूनच कडाडली.

“मदत,” डॉक्टर म्हणाला. “पेशंटना खुर्चीत बसवायचो आणि म्हणायचो, घ्या फोन, द्या पाच तारे. आ केलेला माणूस नाही कसा म्हणणार?”

“तुमच्या मदतीने माझं दुकान बंद झालं!”

त्याचा चेहरा पार पडला. तिने फोन त्याच्यापुढे धरला. दाद मागायची तर एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं. तारे मिळवून देणाऱ्या व्यक्तीशी तुमचा संबंध काय? ‘काहीही नाही’ म्हटलं तर फक्त दवाखान्यातले तारे जाणार, बाकी ॲप जसंच्या तसं परत. ‘निकटची व्यक्ती’ म्हटलं तर आजवरचे सगळे तारे पुसणार, खरे कमावलेलेसुद्धा. मग ॲप दुकानाच्या तळाशी. तिथे कोण वाकून बघतंय?

“काहीही नाही,” तो घाईने म्हणाला. “सोपं आहे. तुम्ही पेशंट होतात, दाढ भरली, विषय संपला.”

“खरंच?”

“ॲप वाचायला हवं.”

“मी ॲपचं नाही विचारलं.”

तो ट्रेमधली अवजारं लावू लागला. ती आधीच लावलेली होती.

“डॉक्टर,” बाहेरच्या टेबलावरून नंबर देणाऱ्या मावशी म्हणाल्या, “ह्यांच्या तोंडात बघण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी आल्या की आधी ह्यांनाच आत घेता. आणि म्हणे काहीही नाही!”

डॉक्टरचे कान लाल झाले. “निकटची…” तो चिमट्याला सांगितल्यासारखं म्हणाला. “मला तरी तसं वाटतं. पण तुम्ही ते लिहू नका. तुमचं नुकसान…”

तिने लिहिलं होतं. पाठवलंही होतं.

“अहो, सगळे तारे जातील!”

“जातील.”

“इतक्या वर्षांची मेहनत…”

“ती आहे माझ्याकडे. तारेच जातील.” “आई मात्र डोक्याला हात लावेल. घरी काय सांगू? तळाला गेले म्हणून?”

डॉक्टरने बराच विचार केला. “सांगा की धंदा जरा बसला… पण… जावई बघून ठेवलाय. म्हणजे, सांगायचं असेल तर.”

बाहेर मावशींची खुर्ची करकरली.

“फार पुढे गेलात,” ती म्हणाली.

मागे या, असं मात्र ती म्हणाली नाही.