बोट वर होईपर्यंत

"वहिनीचा घसा बसलाय, आज रेकॉर्डिंग होणार नाही," एवढाच निरोप द्यायला मी स्टुडिओत गेले होते. मुलांच्या बोलक्या इंग्रजी शब्दकोशासाठी आवाज वहिनीचा होता. साउंडवाल्याने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "घसा तर तुम्हालाही आहे की!"

असला आगाऊपणा मला अजिबात खपत नाही. तरी थोड्याच वेळात मी माइकसमोर बसले होते.

काम सोपं वाटलं. शब्द आधी सलग म्हणायचा, मग तोडून. पण तोडायचा कुठे, हे आपल्या मनावर नाही. पानावर शब्दाच्या मध्ये बारीक आडव्या रेघा, तिथेच थांबायचं. 'किचन'ला मी बेधडक 'कि — चन' म्हणून मोकळी झाले.

"तुमचं किचन भलत्याच जागी तुटलं," इअरफोनमध्ये तो हसला. "किच — अन."

"मग तुम्हीच सांधा ना!"

थांबेही सारखे हवेत, म्हणून काचेपलीकडून तो बोट वर करायचा. ते वर झालं की मी पुढचा तुकडा म्हणायचा. तोवर अर्धा शब्द तोंडात धरून मी त्याच्याकडे बघत राहायची... आणि तो माझ्याकडे. खरं सांगू? शब्दांपेक्षा मला ते थांबेच आवडायला लागले. घरी भाजी चिरतानासुद्धा वाटायचं, समोर ते बोट असावं.

"परत एकदा," तो म्हणायचा.

"का? काय चुकलं?"

"चुकलं नाही... बाहेरून गाडी गेली."

भिंतींना गाद्या ठोकलेल्या त्या खोलीत बाहेरची गाडी कुठून ऐकू येणार! पण मी गपचूप परत म्हणायची.

वहिनीचा घसा कधीच सुटला होता. तरी ती मलाच पाठवत राहिली. "अगं, 'एक्स' या एका अक्षरावर तीन दिवस?" ती डोळे बारीक करून म्हणाली. "शब्द तरी आहेत का तेवढे?"

"गाड्या फार जातात, वहिनी."

"हो का! कुणाच्या गं?"

मग 'झेड' आला. सोमवारपासून साउंडवाला दूरच्या गावी, मोठ्या स्टुडिओत नोकरीला जाणार होता. आज तरी काही बोलेल, असं सकाळपासून वाटत होतं. तो बोट वर करत राहिला, मी तुकडे म्हणत राहिले.

शेवटचा शब्द होता 'झोऑलॉजी'. सलग म्हटला. मग "झो —". बोट वर झालं. "ऑल —"

बोट काही वर होईना. मी वाट बघत राहिले. त्याने इअरफोन काढले, तो उठला, आणि मधला जड दरवाजा उघडून आत आला. काचेशिवाय तो थोडा बुटका दिसला. आणि फार घाबरलेला.

"बोट वर केलं असतं तर काम संपलं असतं," तो म्हणाला. "तुम्ही निघून गेला असता... आणि तुमच्याशिवाय मला तिकडे करमणार नाही. एकही गाडी गेली नव्हती हो बाहेरून."

"माहीत आहे. म्हणून तर परत परत म्हणत होते."

त्याने हळूच बोट वर केलं. मी पुढचा तुकडा म्हणायला हवा होता. त्याऐवजी मी ते बोटच धरलं.

"मशीन चालूच आहे," तो पुटपुटला. "सगळं रेकॉर्ड झालं."

"पुसू नका मग. तिकडे गेलात की ऐकत बसा," मी म्हणाले. "आणि जायच्या आधी, रविवारी घरी या... शब्द अर्धा राहिलाय."